मंडीच्या कॉम्प्युटरला दादाने बोलायला शिकवलं

दादा गेल्यापासून राजपुऱ्यातल्या आमच्या घरी जो येतो तो डोळे पुसतो, चहा घेतो आणि जाताना दादाचा एक किस्सा ठेवून जातो. इतके जमलेत की आई म्हणाली, "तू तरी लिहून काढ." मी आठवीतून शाळा सोडलेला, केळीचा टेम्पो चालवणारा. पण माझा भाऊ प्रोग्रामर होता. बऱ्हाणपूरच्या आमच्या केळी मंडीचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला! मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

*

इंदोरची नोकरी सोडून दादा घरी आला आणि माडीवर कॉम्प्युटर मांडला. गल्लीला वाटलं, विजेवर चालणारं सगळं हा दुरुस्त करतो. शेजारच्या मावशी मिक्सर घेऊन आल्या.

"मावशी, मी फक्त मशीनला काय करायचं ते सांगतो."

"मग यालाही सांग ना!"

दादाने मिक्सरला दम भरला, "चल बे, मावशीची चटणी कर!" आणि भांडं दाबून बटण फिरवलं. मिक्सर सुरू! भांडं नीट बसलेलंच नव्हतं. मावशींनी मात्र गल्लीभर केलं, "पोराचं मशीन ऐकतं!"

*

रविवारी तापीकाठी आमचं क्रिकेट. दादाला खेळता येत नाही... यायचं नाही. म्हणून तो अंपायर. एकदा मी पायचीत झालो. सगळे ओरडले, "आऊट!"

दादा म्हणाला, "एकदा झालं ते चुकूनही होतं. परत होतं का बघू. तोच बॉल टाक."

टाकला. परत पायचीत! मी बॅट फेकली. "सगा भाई है कि दुश्मन?"

प्रोग्राममधल्या चुकीला तो बग म्हणायचा. शांतपणे म्हणाला, "बग पक्का आहे. तुझा पाय बॅटच्या आधी पुढे येतो."

त्यानंतर मला कोणी पायचीत करून दाखवलेलं नाही!

*

मंडीत प्रोग्राम पहिल्यांदा लागला तेव्हा काही चुकलं की स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी यायचं. काट्यावर केळी तोलणारे सुपडूकाका दोन पावलं मागे सरकायचे. "मशीन संतापलं रे!"

दादा सकाळभर काट्यापाशी बसून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी लाल अक्षरं गेली. वजन भरायचं राहिलं की स्क्रीन म्हणायचा, "काका, वजन राहिलं ना!" व्यापाऱ्याने फारच पडका भाव टाकला की, "शेठ, सुबह सुबह मजाक?"

अख्खी मंडी हसली. सुपडूकाका म्हणाले, "हा तर आपला पोरगा बोलतोय."

*

मग सगळ्या मंड्या एकमेकींना जोडायचं ठरलं. तोवर दादा गेला होता. इंदोरहून एक इंजिनियर नवा प्रोग्राम घेऊन आला. म्हणाला, "जुना काढावा लागेल."

मी थेट त्याची कॉलर धरली. "माझ्या भावाचं आहे ते! हात लावून बघ!"

लोकांनी सोडवलं. बिचारा तो, म्हणाला, "भैया, काम तो अच्छा किया है उन्होंने. पण मला वरून सांगितलंय."

हे ऐकून मला अभिमान वाटला आणि रडूही आलं. मी टेम्पोत जाऊन बसलो.

*

ठरलं असं, की एका दिवसाचा लिलाव नव्यावर नीट चालला की दादाचा कायमचा बंद. त्या सकाळी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी लावले. इंजिनियर जुन्याच्या स्विचवर हात ठेवूनच बसला होता. पहिला माल माझ्याच टेम्पोतला.

सुपडूकाकांनी केळी तोलली. काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. नव्या स्क्रीनवर भरला. सगळं बरोबर. मग ते जुन्यासमोर गेले. शेतकऱ्याचं नाव टाकलं, गाव टाकलं धूलकोट, आणि वजन न टाकताच बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं, "काका, वजन राहिलं ना!"

"राहिलं बेटा, थांब. टाकतो."

इंजिनियरने विचारलं, "काका, विसरलात?"

"नाही."

इंजिनियरने स्विचवरचा हात काढून घेतला. काट्यावर दुसरा तोलणारा आला. त्याने नाव टाकलं, गाव टाकलं. वजन त्यानेही टाकलं नाही!