गाडीचा नंबर मोठ्याने

सिडनीत धंदा करायचे तेव्हा मी दुपारची उभी राहायचे. रात्री पैसे जास्त मिळत, पण दिवसा माणसाचा चेहरा दिसतो आणि गाडीची पाटीही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्यासारख्यांना, म्हणजे जन्मल्यावर मुलगा ठरवलेल्या आणि बाई म्हणून जगणाऱ्यांना, कोणी नोकरीवर ठेवत नसे. मी वसईहून आईवडिलांबरोबर आलेली, टायपिंग शिकलेली. तरी माझंही तेच.

आमचे नियम दोन. आपण कोण आहोत ते गाडीत बसायच्या आधी स्पष्ट सांगायचं, कारण मागाहून कळलं की माणूस बिथरतो. आणि गाडी निघायच्या आधी जोडीदारणीने मागे जाऊन नंबर मोठ्याने वाचायचा, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असा. आपल्याला कुणीतरी पाहिलंय हे कळलं की बहुतेक पुरुष नीट वागतात.

माझी जोडीदारीण मेलबर्नला कायमची निघून गेली. खोलीचं भाडं द्यायचं होतं, पण एकटीने गाडीत बसायचं नाही हे माझं पक्कं होतं. म्हणून मी पलीकडे उभ्या राहणाऱ्या सोनेरी केसांच्या बाईकडे गेले. तीही आमच्यातलीच. दुकानाच्या सावलीतली जागा मी बळकावली म्हणून वर्षभर अबोला होता.

"या महाराणी, वाट चुकलात?"

"सावली तुझी. माझ्यासाठी नंबर वाच, तुझ्यासाठी मी वाचेन."

"आणि तुझ्या सेंटचा वास?"

"नाक धर. नंबर तोंडाने वाचायचाय."

ती हसली. ठरलं.

थोड्या वेळाने एक पांढरी गाडी थांबली. आत इस्त्रीच्या शर्टातला माणूस. मी सांगायचं ते सांगितलं, त्याने मान डोलावली, मी बसले. मागून तिने खणखणीत आवाजात नंबर म्हटला. तो दचकला नाही. गालातल्या गालात हसला आणि किल्ली फिरवली.

पाटी मीही पाहिली होती. तिने म्हटलेला एकही आकडा पाटीवर नव्हता. त्याला स्वतःचा नंबर पाठ असणारच. म्हणजे आपल्याला कुणी पाहिलेलं नाही, हे त्याला कळलं होतं. मी दार उघडून उतरले.

"काय झालं?"

"विचार बदलला, मेट."

तो शिवी घालून गेला. मी तिच्यासमोर उभी राहिले. "तुला दिसत नाही?"

"जवळचं दिसतं."

"चष्मा?"

"पर्समध्ये. चष्मा लावून कोण उभं राहतं इथे? मी काय शाळेतली बाई आहे?"

"आजपासून आहेस. लाव."

कुरकुरत तिने लावला. जाड भिंगांचा होता. तिने आधी मला नीट न्याहाळलं. "अगं, तुझ्या दाताला लिपस्टिक लागलीय."

मी दात पुसते आहे तोच ती पांढरी गाडी वळसा घालून परत आली. या वेळी तिच्यापाशी थांबली. ती खिडकीकडे गेलीच नाही. सरळ मागे जाऊन तिने एकेक अक्षर, एकेक आकडा सुटा सुटा वाचला. सगळे बरोबर. आतल्या माणसाचं हसू गेलं. त्याने काच वर केली आणि गाडी भरधाव काढली.

"घालवलं ना गिऱ्हाईक!" ती म्हणाली. "आणि तुझ्या भाड्याचं काय?"

"पुढच्या गाडीतून येईल. चष्मा काढू नकोस."