पहिल्या रिंगला उचललेला फोन

निवृत्तीनंतर लोक मला दरोड्यांच्या नि खुनांच्या केसेस विचारतात. मी सांगतोही, पण खरं म्हणजे त्या आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. एक केस मात्र सकाळच्या हजेरीपासून शेवटच्या सहीपर्यंत जशीच्या तशी आठवते. तीत रक्त सांडलं नाही, कुणी पळालं नाही, आणि फिर्यादी, आरोपी व पोलीस या तिघांचंही एका बाबतीत एकमत होतं, ते म्हणजे कंपनीच्या कस्टमर केअरबद्दलचं मत.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. अमरावतीतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मूळचा मी अकोल्याचा, आणि अमरावतीत सहा वर्षं काढूनही स्टाफने मला ते विसरू दिलं नव्हतं. कुठलाही चोर सापडला की ठाणे अंमलदार आधी विचारायचा, "अकोल्याचा तर नाही ना?" मग माझ्याकडे पाहून, "सहज विचारलं, साहेब."

त्या सकाळी माझा चहा निम्मा झाला होता, तेवढ्यात दोन बायका आत आल्या. एक साठीतली, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिने हाताला धरून आणलेली दुसरी तिची थोरली बहीण, भातकुली तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय अठ्ठ्याहत्तर. घरात सगळे तिला मोठ्या बाई म्हणत, मीही तेच म्हणतो. मोठ्या बाईंनी बाकावर टेकता टेकता आमच्या सायबरच्या महिला शिपायाला विचारलं, "कोन्या गावची वो तू पोरी?" नर्सबाई मला तक्रार सांगेपर्यंत इकडे मोठ्या बाई त्या शिपायाच्या मावशीच्या सासरपर्यंत पोचल्या होत्या.

तक्रार अशी होती. पाच बहिणी विमानाने गोव्याला निघाल्या होत्या. मोठ्या बाईंना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर मोठ्या बाईंनी एकच गोष्ट मागितली होती, दिसतं आहे तोवर समुद्र पाहायचा. नर्सबाईंनी मोबाईलवर प्रवासाच्या एका कंपनीत खातं उघडून पाच तिकिटं काढली. निघायला पाच दिवस होते.

"साहेब, तिकिटं पुन्हा निघतीन," नर्सबाई म्हणाल्या. "पन पाच घरातून पाच बाया एकाच हप्त्यात पुन्हा कशा निघतीन? एकीचं सोयाबीन आत्ता घरात आलं, कापसाचा पहिला वेचा पुढच्या हप्त्यात. एकीच्या सुनेचे दिवस भरत आले. हाच एक हप्ता सापडला होता, थो बी चार वर्षांनी."

मोठ्या बाईंसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवावी, म्हणून त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला होता. तीन दिवस लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य त्यांना पाठ झालं होतं आणि त्यामागचं संगीत आता स्वयंपाक करताना आपोआप तोंडात येत होतं. शेवटी त्यांनी इंटरनेटवर दुसरा नंबर शोधला. तो पहिल्याच रिंगला उचलला गेला. समोरचा माणूस अदबीने बोलला, मोठ्या बाईंच्या डोळ्यांची विचारपूस केली, गुडघ्यांबद्दलही विचारलं, आणि मग मोबाईलवर आलेला ओटीपी तेवढा मागितला.

"तेव्हाच कळायला हवं होतं," मी जरा कडक आवाजात म्हणालो. "कस्टमर केअर असं प्रेमाने बोलतं का?"

"थेच तं," नर्सबाई खाली मान घालून म्हणाल्या.

दहा मिनिटांत खात्यावरचा मोबाईल नंबर, ईमेल, पासवर्ड सगळं बदललं गेलं. आता तो मनुष्य तिकिटं रद्द करून परताव्याची रक्कम स्वतःकडे वळवणार, हे उघड होतं. एकच गोष्ट आमच्या बाजूची होती. नंबर बदलल्यावर अठ्ठेचाळीस तास तिकीट रद्द करता येत नाही, असा कंपनीचा नियम होता. ओटीपी आदल्या संध्याकाळी सहाला दिलेला. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत वेळ होता.

मी फिर्याद नोंदवली, हेल्पलाइनवर माहिती दिली, कंपनीला नोटीस पाठवली आणि स्वतः फोन लावला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली. मी हुद्दा सांगितला. ती म्हणाली, "सर, आप पुलिस से हैं, इसकी पुष्टि हम फोन पर नहीं कर सकते." मी म्हणालो, ठीक आहे, खातेदार माझ्यासमोर बसल्या आहेत, त्यांच्याशी बोला. ती म्हणाली, "ज़रूर. पहचान के लिए रजिस्टर्ड मोबाइल पर एक ओटीपी भेजा है, वह बता दीजिए." रजिस्टर्ड मोबाईल आता चोराचा होता. हे मी तिला तीन प्रकारे समजावून सांगितलं. तिन्ही वेळा तिने मला धीर धरल्याबद्दल धन्यवाद दिले आणि फोन कटला. लगेच मेसेज आला, आजच्या सेवेला किती तारे द्याल? महिला शिपायाने एक तारा दिला. उत्तर आलं, 'आपण समाधानी आहात हे पाहून आनंद झाला.'

नोटिशीलाही उत्तर आलं. सात कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू म्हणे.

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी बऱ्याच भिंतींवर डोकं आपटलं होतं, पण ही भिंत वर 'धन्यवाद' म्हणत होती.

संध्याकाळी सीडीआर, म्हणजे त्या नंबरच्या कॉलची कंपनीकडची नोंद, हाती आला. सिमकार्ड परराज्यातल्या भलत्याच माणसाच्या नावावर होतं. टॉवर मात्र अकोल्याचा निघाला. ठाणे अंमलदाराने हे मोठ्याने वाचून दाखवलं, मग गरज नसताना पुन्हा एकदा वाचलं. स्टाफमध्ये त्या संध्याकाळी चहाबरोबर आलूबोंडे आले, ते कुणी मागवले याचा तपास मी केला नाही.

पण टॉवरखाली हजारो माणसं राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठरवलं की गिऱ्हाईक बनून त्या नंबरवर फोन करायचा आणि काही धागा मिळतो का पाहायचं. आधी महिला शिपायाने केला. त्याने दोन वाक्यांत ठेवला. मग मी केला. आवाज बारीक करून, अगदी गरीब गाईसारखा बोललो. तो म्हणाला, "साहब, पुलिस की आवाज़ छुपती नहीं," आणि ठेवला. सगळा स्टाफ खिडकीबाहेर पाहू लागला. मला भारी राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना.

दोघी बहिणी त्या दिवशीही सकाळीच ठाण्यात येऊन बसल्या होत्या. मोठ्या बाई बाकावरून म्हणाल्या, "आना बरं तो फोन इकडं."

मी नको म्हणणार होतो. पण नर्सबाईंनी मोठ्या बाईंच्या मोबाईलवरून नंबर लावून स्पीकर सुरू केलाही होता.

"हॅलो, कस्टमर केअर. मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?"

"मले हिंदी येत नाई बापू. कोन्या गावचा तू?"

"जी, मैं दिल्ली से बोल रहा हूँ."

"दिल्लीले तं कामाले असशीन. गाव कोनतं?"

"माताजी, आप अपनी समस्या बताइए."

"समस्या अशी हाय का मले दिसते कमी, आन विमानात बसाचं हाय. भेव वाटते. तू बसला काय रे कधी विमानात?"

पलीकडची हिंदी तिथेच संपली. "नाई वो आजी."

"आवाजानं तू मले दर्यापूरचा वाटतं."

"दर्यापूरचा नाई. मूर्तिजापूरकडचं आजोळ हाय माझं."

"मूर्तिजापूरकडं कोनतं?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

"अरे, तिथी तं मारुतीच्या पारापाशी माझ्या जावेच्या मामेबहिनीचं घर. दारात लिंबाचं झाड."

"झाड तोडलं आता."

"काहून तोडलं?"

"रस्ता झाला न."

"आसं! मंग तू तिच्या कोन्या पोरीचा? अकोल्याले लगन करून देल्ली, थिचा काय?"

"हो," तो म्हणाला. आणि मग फार उशिरा, "तुमी कोन आजी?"

"मी तुह्या मायच्या लग्नात पंगतीत बुंदी वाढली रे!"

फोन बंद झाला. पण आता बंद होऊन उपयोग नव्हता. दिल्लीचा, मुंबईचा कुणी असता तर त्याने पहिल्या प्रश्नालाच फोन ठेवला असता. आपल्या वऱ्हाडात माणूस नाव खोटं सांगेल, धंदा खोटा सांगेल, पण समोरच्याने आजोळ चुकीचं धरलं की त्याला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. तेवढीच एक चूक त्याने केली होती.

त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. अर्ध्या तासात अकोल्यातला पत्ता मिळाला. अकोल्याच्या सहकाऱ्यांना कळवून आम्ही निघालो आणि दुपारी त्याला त्याच्या खोलीतून ताब्यात घेतलं. दार उघडलं तेव्हा तो कानाला फोन लावून कुणाच्या तरी सासूच्या बीपीची चौकशी करत होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट. मोबाईल जप्त केला, पण तो लॉक होता, आणि अकोल्याच्या ठाण्यात आणून बसवल्यावर त्याने तोंडही लॉक केलं. तीन वाजले होते. पासवर्ड त्याच्या एखाद्या साथीदाराकडे असला, तर सहा वाजता तिकिटं रद्द होणारच होती.

चौकशीच्या सगळ्या पद्धती मी वापरल्या. समोर फाईल उघडून नुसता बसलो. दुसऱ्या फिर्यादींची यादी वाचली. चढ्या आवाजात बोललो, उतरत्या आवाजात बोललो. तो टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला. साडेचार वाजले. पाच घरांतल्या पाच बायका बॅगा भरून बसल्या होत्या आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. मला लाज वाटत होती, ती लपवायला मी आणखी ओरडत होतो.

तेवढ्यात दारात मोठ्या बाई. नर्सबाईंनी भाड्याची गाडी केली होती. मोठ्या बाईंच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि वांग्याची भाजी. हे नियमात बसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी उठून खिडकीशी गेलो.

त्या त्याच्या अगदी जवळ जाऊन, मान तिरपी करून त्याचं तोंड नीट न्याहाळत राहिल्या. काचबिंदूची माणसं असंच पाहतात. मग म्हणाल्या, "नाक तं आजीवर गेलं हाय. जेवला काय?"

तो रडायलाच लागला. पंचवीस वर्षांचा गडी, हमसून हमसून. भाकर खाता खाता त्याने सगळं सांगितलं. पुण्यात तो खऱ्याच कॉल सेंटरमध्ये होता. एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं, असा नियम. हा वीस-वीस मिनिटं बोलायचा. तीनदा ताकीद देऊन काढून टाकलं. "साहेब, मान्साचं गाऱ्हानं पाच मिन्टात होते काय?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, होत नाही, पण म्हणून त्याला लुटायचंही नसतं. ते त्याने मान्य केलं आणि मोबाईल उघडून दिला.

आता खातं परत नर्सबाईंच्या नावे करायचं तर कंपनीशी बोलणं आलं. पंच बसवले, जप्त मोबाईलवरून फोन लावला. संगीत सुरू झालं. पाच वीस. पाच पस्तीस. पंचनाम्यात 'या वेळी संगीत वाजत होते' असं लिहावं लागलं. आरोपीला ते बघवेना. तो म्हणाला, "साहेब, असं नाई लागत. कापा. पुन्हा लावा. दोन दाबा, मंग नऊ, मंग कोनी काई विचारलं तं गप राहा. थे मशीन कटाळते आन मानूस देते."

दोन दाबलं, नऊ दाबलं, गप्प राहिलो. माणूस आला. ओटीपी पाठवला, तो टेबलावरच्या मोबाईलवर आला, आम्ही वाचून दाखवला. "धन्यवाद, आपकी पहचान हो गई," पलीकडचा म्हणाला. बाजूला पोलीस निरीक्षक, दोन पंच आणि खऱ्या खातेदार बसल्या होत्या, पण ओळख पटली ती चोराच्या फोनची. सहाला नऊ मिनिटं कमी असताना खातं नर्सबाईंच्या नंबरवर आलं. आरोपीने हळूच आठवण केली, "आजीची खुर्ची राहिली." तीही सांगून टाकली.

दोषारोपपत्र मी वेळेत पाठवलं, त्यात काही सूट दिली नाही. त्याने फसवलेल्या इतर लोकांना भाकर खाऊ घालणारं कुणी भेटलं नव्हतं, हे मी विसरलो नाही.

या केसने मला काय शिकवलं, ते मी शिकायला फार उशीर केला. तीस वर्षं मी समोर बसलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न 'काय केलंस?' असा विचारत आलो. 'कोणत्या गावचा?' हा प्रश्न मी फक्त फॉर्म भरण्यासाठी विचारला, आणि उत्तराकडे न पाहता लिहून घेतलं. किती माणसं त्या एका रकान्यापाशी बोलायला तयार बसली असतील, याचा विचार आला की वाईट वाटतं. हल्ली गॅसवाल्यापासून बँकेपर्यंत कुठेही फोन केला, की मी आधी गाव विचारतो. बायको म्हणते, कामाचं विचारा. पण कामं होतात.

गोव्याहून आल्यावर दोघी पेढे घेऊन ठाण्यात आल्या. त्याच दिवशी कंपनीचा ईमेल आला होता, 'आपली ओळख सिद्ध न झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' मी तो वाचून दाखवला, सगळे हसले. मग मी मोठ्या बाईंना विचारलं, "दिसला का समुद्र?"

"दिसला न बापा. मधातला दिसला, कडंचा नाई दिसला. पन हे लहानी म्हने, त्याले कड नसतेच," त्या म्हणाल्या. मग जरा वेळ पेढ्याचा कागद सरळ करत राहिल्या. "दोन दिवस त्याच्यापाशी बसली मी, साहेब. लय बोलते थो. पन कोन्या गावचा, थे काई सांगत नाई."