बिनक्लचच्या गाडीचा उष्माघात

आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी झाडायला घेतली की सीटखालून लोकरीचे पुंजके निघतात. आज झाडली तरी उद्या तेवढेच! किश्शांचंही तसंच आहे. तीन माणसं दिवसभर एका व्हॅनमध्ये, मागं औषधांचे खोके, मध्येच एखादं तापानं फणफणलेलं करडू. किस्से साचणार नाहीत तर काय!

तिघं म्हणजे शेळ्यामेंढ्यांचे डॉक्टर बिराजदार, जे भाकरीसुद्धा उभ्यानंच खातात. दुसरे अक्कलकोटकडचे मल्लूमामा, आमचे ड्रायव्हर. आणि तिसरी मी, सुजाता. ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं भरायची आणि या दोघांची भांडणं सोडवायची, एवढं माझं काम.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं आम्हाला ऑटोमॅटिक व्हॅन दिली होती. क्लच नाही, गिअर गाडीच टाकते. सुरुवातीला मामा खूश होते. मग ऊन वाढलं आणि एक दिवस मंगळवेढ्याच्या रस्त्यावर समोरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागला. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही!

डॉक्टर ओरडले, "मामा, चला की!"

"मी चाललोय डॉक्टर," मामा म्हणाले. "गाडीच येईना संगं!"

* * *

त्यावर एकच उपाय सापडला. चावी बंद करायची, जरा वेळ बसायचं, परत चालू करायची. निमूट बसणं हे डॉक्टरांच्या जिवावर यायचं. ते खाली उतरायचे, गाडीभोवती चक्कर मारायचे, घड्याळ बघायचे, परत चक्कर. मामा स्टिअरिंगवर हात फिरवत कानडीत विनवायचे, "नडी नम्मव्वा, नडी!" म्हणजे चल गं माझे आई, चल!

एकदा सोलापुरात ऐन चौकात आई रुसली. मागं हॉर्नचा गोंधळ. ट्रॅफिक हवालदार घाम पुसत आला. "काय झालं?"

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, कुठला गिअर टाकावा याचा इच्यार करायलीय गाडी."

हवालदार म्हणाला, "इच्यार घरी जाऊन करा म्हणावं! हितं नुस्तं चालायचं!"

* * *

टेंभुर्णीच्या फाट्यावर बंद पडलो, तेव्हा तर सल्ल्यांची जत्राच भरली. ट्रकवाला म्हणाला ऑइल. चहावाला म्हणाला बॅटरी. एका म्हाताऱ्यानं सरळ लिंबू-मिरची सांगितली. त्याआधीच एका गॅरेजवाल्यानं न तपासता आतली क्लचप्लेट बदलून दिली होती. (बिनक्लचची म्हणतात, पण क्लच आत असतो, पायाखाली नसतो एवढंच!) फरक शून्य.

डॉक्टर फणफणले, "रोग न बघता औषध दिलं की दुसरं काय होणार!"

तेवढ्यात एकानं आपली लंगडी शेळी आणून उभी केली. मग दुसरा आला. मग एक बाई चार शेळ्या हाकत आली. भर हमरस्त्याच्या कडेला दवाखाना सुरू! सगळ्यांना इंजेक्शनं देऊन होईस्तोवर गाडी गार पडून आपोआप चालू झाली.

निघताना ती बाई खिडकीपाशी आली. "डाक्टर, लई बरं झालं बगा. आता पुढच्या मंगळवारी बी हितंच बंद पाडा की!"

* * *

पण सगळंच हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं.

सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून फोन आला. मेंढी अडली होती, कोकराचं डोकं मागं वळलेलं. आम्ही निघालो आणि निम्म्या वाटेत आकडा लुकलुकला. मामांनी चावी फिरवून फिरवून अंगठा लाल केला. डॉक्टर दोन मिनिटं थांबले असतील नसतील, बॅग उचलली आणि मागून येणाऱ्या दूधवाल्याच्या मोटरसायकलवर कॅनच्या मध्ये बसून गेले.

ते परत आले तेव्हा शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. मी विचारलं, "काय झालं?"

"मेंढी वाचली."

कोकराचं मी विचारलं नाही. मामा गाडीतून उतरून लांब जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी बंद गाडीच्या टायरला एक लाथ घातली आणि म्हणाले, "उद्या आधी हिला दवाखान्यात न्यायची. मग बाकीची जनावरं."

* * *

हिचा दवाखाना म्हणजे सोलापूरबाहेरच्या चिंचोळी एमआयडीसीजवळचं रज्जाकभाईंचं गॅरेज. रज्जाकभाईंनी गाडीला स्कॅनर जोडला आणि एकेकाला हाक मारल्यासारखं तपासलं. इंजिननं उत्तर दिलं, ब्रेकनं दिलं. गिअर सांभाळणारा जो कंट्रोलचा डबा असतो, तो मात्र मध्येच गप्प.

"म्हणजे मेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मरा नहीं डॉक्टरसाब. बेहोश होता."

डबा बदला म्हणून डॉक्टर मागं लागले. पण रज्जाकभाईंनी आधी बॅटरी मोजली, फ्यूज बघितले, अर्थिंगची वायर घासली, डब्याचा सॉकेट काढून आत गंज आहे का पाहिलं. सगळं ठीक! मग घरी गेले आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले. डब्यावर गरम वारा सोडला. आकडा लुकलुकला. मी आमच्या लसीच्या पेटीतली बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून दिली. ती डब्याला लावली. आकडा परत जागेवर!

डॉक्टर आनंदानं ओरडले, "अहो, हा तर उष्माघात!"

मामा म्हणाले, "मग सलाईन लावा की!"

* * *

नवा डबा यायला वेळ लागणार होता. वेळ म्हटलं की डॉक्टरांचं पोट दुखतं. म्हणून मामा स्वतःच भंगारबाजारातून तसाच डबा घेऊन आले. बसला अगदी फिट! पण गाडी ढिम्म.

रज्जाकभाई हसले. "मामा, ये दूसरे की गाडी का दिमाग है. इसमें नहीं चलता."

मामांना ते पटेना. "का न चालायला? आमच्या गावात तर सगळे दुसऱ्याच्याच डोक्यानं चालतात!"

* * *

शेवटी नवा डबा आला. बसवायला काहीच वेळ लागला नाही. खरं काम पुढंच होतं. लॅपटॉप जोडून त्याला ही गाडी कुठली, क्लच कुठं धरतो, पहिला गिअर कुठं, दुसरा कुठं, हे सगळं शिकवायचं. बॅटरीला चार्जर लावला. मामांना ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. रज्जाकभाईंनी दम दिला, "चावी चालू. अब कोई दरवाजा नक्को खोलो! बीच में बंद पड्या तो नया डबा भी गया!"

आणि नेमका तेव्हाच डॉक्टरांचा फोन वाजला. जवळच्या माळावर धोंडाबाई नावाच्या धनगर बाईंच्या मेंढरांचा मुक्काम होता. त्यांची मेंढी अडली होती.

डॉक्टरांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. "इकडंच आणा! मिळेल त्या गाडीत घाला आणि आणा!"

तीनचाकी टेम्पोतून मेंढी आली, तिचं डोकं धोंडाबाईंच्या मांडीवर. गॅरेजच्या पत्र्याखाली पोतं अंथरलं. हातमोजे आणि दोऱ्या गाडीत! मी खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकून बॅग ओढली. रज्जाकभाई ओरडले, "आहिस्ता!" मामा ब्रेकवरचा पाय न हलवता मान वळवून वळवून विचारत होते, "काय झालं? आलं का?"

डॉक्टर गुडघ्यावर बसले होते. इतका वेळ एका जागी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आत हात घालून, डोळे मिटून, ते हळूहळू कोकराचं डोकं वळवत होते. धोंडाबाई मेंढीच्या कानात काहीतरी पुटपुटत होत्या.

कोकरू आलं. पण हालचाल नाही. डॉक्टरांनी तोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून झोका दिला, खाली ठेवून छाती चोळली. मी नाकात गवताची काडी फिरवली. एकदा. परत एकदा.

कोकरू शिंकलं!

मामांनी गाडीतूनच आरोळी ठोकली. रज्जाकभाई लॅपटॉप सोडून उठले आणि लगेच परत बसले. पडद्यावर अजून एकच पाटी होती: थांबा, शिकणं चालू आहे.

मेंढी कोकराला चाटत होती. ते उठायला बघायचं, पुढचे पाय फाकायचे, तोंडावर आपटायचं. परत उठायचं. परत आपटायचं. मग एकदाचं चारी पायांवर उभं राहिलं आणि लटपटत सरळ आईच्या कासेकडं निघालं.

रज्जाकभाईंनी कोकराकडं बघितलं. मग लॅपटॉपकडं. मग परत कोकराकडं.

"अम्मा," त्यांनी धोंडाबाईंना विचारलं, "इसको चलना किसने सिखाया?"

धोंडाबाई पदरानं हात पुसत उठल्या.

"शिकायला येळ कुटं हाय त्याला? कळप निगाला की संगं चालावंच लागतंय की."