मधात आलेला बैल

आमच्या आईबाबांचा दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता म्हणा, पण त्यात बाबा या टोकाला, आई त्या टोकाला आणि मधात अख्खं गोत. आमच्या सावली तालुक्यातल्या खेड्यात मोठ्यांच्या देखत नवराबायकोनं लागून उभं राहायचं नाही, अशी रीतच होती. पुढे मोठी माणसं एकेक करून गेली, आईबाबाच घरातले मोठे झाले, तरी दोघांच्या मधली ती हातभर जागा काही मिटली नाही.

मी तेव्हा कुरखेड्याला शाळेत शिकवत होते. नवाच डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो गळ्यात अडकवून मिरवत होते. त्यासोबत आलेलं माहितीचं पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. बटन दाबायला काय पुस्तक वाचायचं, असा माझा तोरा.

त्या हिवाळ्यात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. जायच्या चारच दिवस आधी मी रजा काढून घरी आले. आई चुलीपुढून न उठताच म्हणाली, "आमचा दोघायचा एक फोटो काढून दे. मंग कुठून आनू?"

मंग म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, बाबांनी पांढरी टोपी घातली. अंगणात उभे राहिले ते मधात हातभर जागा सोडूनच. जरा सरका म्हटलं तर दोघंही एकेक बोट सरकले आणि पुन्हा जागच्या जागी आले. मी वैतागून बटन दाबलं. मागच्या इवल्याशा पडद्यावर उन्हात काही धड दिसेना, पण आला असेल असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सावलीच्या स्टुडिओत गेले. तो चालवणारे चाचा आमच्या ओळखीचे. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. आईबाबांचे चेहरे काळे आणि पुसट. मधल्या जागेतून मागे तनसाच्या म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगापाशी बांधलेला आमचा बैल दिसत होता, तो मात्र असा स्पष्ट की अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा!

बाबांना छापलेला फोटो दाखवला तर ते खूश. बैल झकास आला म्हणाले आणि शेजाऱ्याला दाखवायला घेऊन गेले. आईनं मात्र लुगड्याची घडी घालून ते पेटीत ठेवलं. मला इतकी लाज वाटली की जेवणसुद्धा गेलं नाही.

सकाळी पुन्हा चाचांकडे. या वेळी तोरा घरी ठेवून गेले. त्यांनी काउंटरवर चहाचे दोन कप अंतर ठेवून मांडले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाले, "बेटी, या कॅमेऱ्याले का मालूम तुये मायबाप कोन? मधात जे दिसते, ते त्याले खरं वाटते. पयले एका कपावर धर, बटन आधं दाब. दाबूनच ठेव, सोडू नोको. आता कॅमेरा फिरव, दोन्ही कप घे, मंग पूरं दाब."

अर्धं दाबलं की कॅमेरा ते अंतर आणि तो उजेड धरून ठेवतो, मग कुठेही फिरवा. एवढीशी गोष्ट! मी दुपारपर्यंत कपांचेच फोटो काढत बसले. चाचांनी त्यात दोनदा चहाही पाजला.

संध्याकाळी उन्हं उतरताना दोघांना पुन्हा उभं केलं. नागपूरला जायला दोनच दिवस उरले होते. आईला ताकीद दिली की कॅमेऱ्यावरची नजर हलवायची नाही. मग कॅमेरा तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर धरला आणि बटन अर्धं दाबलं. आई ताठ, पापणीही लवू देईना.

बाबांना वाटलं, हा फोटो तिचा एकटीचाच. आपण काही यात नाही. त्यांनी खांदे सैल सोडले आणि मान वळवून आईकडे पाहिलं. कपाळावरच्या कुंकवापासून लुगड्याच्या काठापर्यंत, सावकाश, जसं काही कोणी बघतच नाहीये. बटन तसंच दाबून धरत मी कॅमेरा हळूच फिरवला, दोघांना आत घेतलं आणि बटन पूर्ण दाबलं.

छापलेला फोटो पाहून बाबांनी कुरकुर केली. आपण समोर पाहतच नाही, फोटो वाया गेला, पुन्हा काढ म्हणाले.

आईनं तो त्यांच्या हातून काढून घेतला. उजेडात नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"दुसरा नाई पायजे," ती म्हणाली. "इतके वर्ष मले वाटे, हे माह्याकडे पाह्यतच नाई."

बाबा तिच्याकडेच पाहत होते, आणि या वेळी तिनंही मान वर करून ते पाहिलं.