थरथरता हात

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणारे सुकदेव बाविस्कर दारूच्या थेंबालाही शिवत नसत. तरी एका साहेबांच्या निरोप समारंभात त्यांच्या हातातला कप थरथरला, चहा सांडला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळपासूनच सुरू वाटतं!" सगळे हसले.

त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत चहा सोडला. मग लग्नकार्यं सोडली. लेकीची, वंदनाची स्थळं बघायलासुद्धा मेहुणाच जायचा. शेवटी पत्नी प्रमिलाबाईंनी हट्टानं त्यांना जळगावला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. १९९३ साल होतं.

बाईंनी गोळ्या थोड्याच दिल्या आणि दर शनिवारच्या बैठकीला बोलावलं. सतरंजीवर आठ-दहा माणसं गोल करून बसायची. पहिल्याच दिवशी चहा आला. सुकदेवांनी मान हलवून नको म्हटलं.

"हात थांबला की घेईन," ते पुटपुटले.

"आणि नाहीच थांबला तर?" बाईंनी शांतपणे विचारलं.

शेजारी पारोळ्याकडच्या केसरबाई होत्या. नवरा गेल्यापासून धास्तीनं त्या घराबाहेर पडत नव्हत्या. इथवरही भाऊ सोबत घेऊन आला होता. त्या सुकदेवांना आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, तुमना हात कापस, मनं काळीज कापस. मंग काय च्या पेवानीच नही?"

सुकदेवांनी कप उचलला. निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. कुणी हसलं नाही, कुणी धीरही दिला नाही. गप्पा चालू राहिल्या. उरलेला चहा ते प्यायले. कितीतरी दिवसांनी.

डॉक्टरीणबाई तिथे भीती घालवायला शिकवत नसत. भीती आली तर येऊ द्या, तिला शेजारी बसवा आणि आपलं काम करा, एवढंच सांगत. सुकदेवांना ते पटायला बरेच शनिवार लागले.

पुढे धुळ्याचं स्थळ आलं. या वेळी वंदनाला घेऊन ते स्वतः गेले. कप हातात येताच बशी वाजू लागली. 'आता हे दारुडा समजणार,' मनात आलंच. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

"हात थरथरतो माझा, जुनंच आहे," सुकदेव म्हणाले. "मुलाची नोकरी कायम आहे ना?"

ते स्थळ जमलं नाही. वंदनालाच मुलगा आवडला नाही. एरवी सुकदेवांनी तो दोष स्वतःच्या हाताला दिला असता. पण परतीच्या एसटीत ते लेकीला विचारत बसले, तिला नक्की कसा मुलगा हवाय. इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलंच नव्हतं. वंदना भुसावळपर्यंत बोलत राहिली.