भिताडावरच्या तीन रेघा

भुताखेतांवर माझा इस्वास न्हाई. भर जत्रंत अंगात आलेल्या एका बाईवर मी पाण्याची कळशी ओतली व्हती. शिव्या देत उठली. तवा खालचं वाचून मला भाबडा समजू नका.

गाव पिंपळवंडी, तालुका जुन्नर. बायको हौसा गेल्या शिमग्यात गेली. आतल्या खोलीचं मातीचं भिताड तीच शेणानं सारवायची. बाईचा हात फिरला की चार बोटांच्या चार रेघा उठतात. हौसाची करंगळी कडबाकुट्टीच्या मशिनीत गेलेली, म्हणून तिच्या तीनच. ती गेल्यावर त्या भिताडाला मी कुणाला हात लावू दिला न्हाई.

मे महिन्यात पुण्याचा एक दाढीवाला डायरेक्टर आला. पदरमोड करून एका बंडखोर चित्रकार बाईवर सिनेमा काढत व्हता. म्हणं तिनं बक्षिसं परत केली, ब्रश टाकले, आन खेड्यात येऊन सारवणाऱ्या बायांकडं शिकली. मला पटलं. बजावलं फक्त, "पडवीचं भिताड घ्या. आतल्याला हात लावायचा न्हाई."

"शब्द दिला, आजोबा."

डेअरीला दूध घालून आलो, तर हिरॉईन आतलंच भिताड सारवून उभी!

"पडवीत ऊन फार कडक होतं, आजोबा…" डायरेक्टर म्हणाला.

"मग छत्री धरायची! माझी बायको पुसलीत तुमी."

ओल्या, ठसठशीत चार रेघा. माना खाली घालून मंडळी जेवायला गेली. मी भिताडासमोर बसलो. उठलो न्हाई, डोळा लागला न्हाई. दोन-अडीच तासांत शेण वाळलं… आन रेघा तीन. एकूण एक फेरात तीनच.

पयला संशय डायरेक्टरवर. करंगळीचं मीच त्याला सांगून बसलो व्हतो. कॉलर धरली. "म्हाताऱ्याशी नाटकं करतो व्हय रं?"

त्यानं कॅमेऱ्यात दाखवलं — बाईचा हात, मागं चार रेघा. "मी कशाला करू, आजोबा? माझाच शॉट वाया गेला. वाळलेली भिंत त्याच्याशी जुळत नाही. आता परत सारवावं लागेल."

"लावून बघ हात!"

न्हाई लावला. शॉट सोडून गेला. माझा संशय काय गेला न्हाई. जुनं सारवण वर आलं म्हणावं, तर कोपरा नखानं खरवडून पाह्यला. हौसाचं खाली तसंच, वर नवं शेण. शेजारणीला विचारलं, वाळल्यावर रेघ जाती का? "भेगा पडत्यात आबा. रेघ कुठं जाईल?"

आता भिताडाला पोपडे धरलेत. सून रोज म्हणती, "सारवू द्या की." मी व्हय म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई.

कुणी फसवलं आसंल तर त्यानं समोर यावं. भांडणार न्हाई. हात कसा फिरवला, तेवढं मला दाखवावं.