उपग्रहाला लागलेली हळद

तुम्ही कधी उपग्रह पुसलाय? मी दर मंगळवारी पुसते. इथं अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आमच्या घराजवळ एक छोटं म्युझियम आहे, तिथं मी व्हॉलंटियर आहे. मधल्या हॉलमध्ये एक मोठा पांढरा गोळा ठेवलाय, अंगभर सोलरचे काळे चौकोन. मिलिटरीच्या अगदी सुरुवातीच्या संदेश-उपग्रहांपैकी एकाचा हा जुळा भाऊ. त्याच्यावर धूळ साठते आणि आमच्याकडे किस्से साठतात. बहुतेक किश्शांत मान माझीच खाली जाते.

*

हा गोळा बनवणाऱ्यांतले हॅरल्डकाका अजून येतात. नव्वदीला टेकलेत, पण खोटा शब्द खपवून घेत नाहीत. एकदा शाळेची मुलं आली होती. मी ऐटीत सांगितलं, "हा अवकाशात जाऊन आलाय."

मागून काकांचा आवाज आला, "नाही. गेला तो दुसरा. तो अजून वरच आहे. हा इथंच राहिला."

एका मुलीनं विचारलं, "म्हणजे या खोटं बोलल्या?"

"नाही, जरा उत्साहात बोलल्या," काका म्हणाले.

माझे कान तापले.

*

आमचे हे, नितीन, आयटीतले. काकांनी त्यांना समजावलं, की उपग्रह एका देशावरून जाताना निरोप टेपवर घ्यायचा आणि दुसऱ्या देशावर पोचला की ऐकवायचा.

"म्हणजे मिलिटरीचं व्हॉट्सॲप!" नितीन म्हणाले.

काका विचार करून म्हणाले, "व्हॉट्सॲप अजून चालतं."

मी नितीनना हाताला धरून थेट गाडीत नेऊन बसवलं.

*

तो वर गेलेला काही दिवसांतच ऐकेनासा झाला. घड्याळाला जुळणारा कोड दिला तरच तो हुकूम मानायचा. बहुधा त्याचं घड्याळ आणि खालचं घड्याळ जुळेना, मग त्याला आपलीच माणसं परकी वाटली.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"हाका मारल्या," काका म्हणाले.

मला उगाच विचारलं असं झालं.

*

यंदा म्युझियम बंद होतंय. एक मोठं म्युझियम गोळा नेईल म्हणालं, पण अट एकच, सगळं ओरिजिनल हवं. नाहीतर तो भंगारात जाणार. त्यांची माणसं बुधवारी पाहायला येणार होती आणि मंगळवारी दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मिक्सर, लॅपटॉप, गाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. एवढं मोठं यंत्र, उद्या त्याची परीक्षा, आणि त्याला साधं बोट लावायचं नाही? मी फक्त स्टँडला लावणार होते. पण मन भरून आलं आणि ओल्या हळदीचं बोट पांढऱ्या रंगावर टेकलं. पुसायला गेले तर डाग पसरला.

काकांना बोलावलं. म्हटलं, "काका, मी याची पूजा केली."

त्यांनी वाकून डाग पाहिला. मग म्हणाले, "याच्यासाठी असं कुणी काही केलं नव्हतं." आणि कोट घालून घरी गेले. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आली. त्यांनी टॉर्च मारून चौकोन न् चौकोन पाहिला. एकानं पिवळ्या डागाजवळ बोट नेऊन विचारलं, "हे काय?" हॅरल्डकाका म्हणाले, "ओरिजिनल." त्यांनी गोळा ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि ट्रकमध्ये चढवला.